काजवालीचे अहो

शिंप्याच्या दुकानात काजं करायची, म्हणून गल्लीभर तिला काजवालीच म्हणत. शिंपी तिचा नवरा. बाईच्या तोंडाचा पट्टा असा, की सदरा न्यायला आलेलं गिऱ्हाईक घासाघीस करायचं विसरून जाई. पण नवऱ्याचं नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं. "अहो" म्हटलं की शिवणयंत्र थांबायचं, तेवढं तिला पुरे होतं.

विलायती कापडाला हात लावायचा नाही असं सगळीकडे ठरलं, तेव्हा शिंप्याने साहेबाच्या पाटलोणी न शिवताच परत केल्या आणि मोर्चात निघून गेला. लाठ्या चालल्या, धरपकड झाली. तुरुंगाच्या फाटकावर शिपायाने काजवालीला विचारलं, नवऱ्याचं नाव काय? बाई गप्प. एरवी तिने त्या शिपायाला पळता भुई थोडी केली असती. शेवटी सोबत आलेल्या शेजारणीने नाव सांगितलं.

पहिली तुकडी सुटली त्या दिवशी ती फाटकाशी टाचा उंचावून उभी होती. दाढ्या वाढलेल्या, खंगलेल्या माणसांत ओळखीचा चेहरा सापडेना. तिने जीव एकवटून हाक मारली, "अहो!"

पन्नासएक माना गर्रकन वळल्या. घरी सगळ्यांनाच ही हाक. बाकीच्या बायका हसल्या, तीही हसली, आणि मग पदर तोंडाशी धरून रडली. त्यांच्यात तिचे अहो नव्हते. त्यांना दुसऱ्या तुरुंगात हलवलंय, एवढंच एका सोबत्याला ठाऊक होतं. ती तिथेही गेली. पुढे पाठवलं, असं उत्तर मिळालं. कुठे, ते कुणी सांगेना.

वर्षं गेली. साहेबाचं राज्य गेलं, तुरुंगांची फाटकं उघडली. शेवटची माणसं बाहेर पडताना काजवालीने लाज गुंडाळून ठेवली आणि नवऱ्याला नावाने हाक मारली, चांगली खणखणीत. एकही मान वळली नाही.

तेव्हापासून ती ते नाव येता-जाता घेते. काज करताना, यंत्रावरची धूळ पुसताना, दार लावताना. त्यांच्यावाचून करमत नाही, हे ती कुणापासून लपवत नाही. एकदा शेजारणीला राहवलं नाही.

"अगं, नवऱ्याला असं नावानं हाका मारतेस?"

"त्यांना खपायचं नाही, माहितीये मला," ती दाताने दोरा तोडत म्हणाली. "रागावून तरी येतील."