एक कप जास्त

आमच्या ओकिनावात ओस घरं पुष्कळ, पण परक्याला कुणी देत नाही. आत पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांचा देव्हारा असतो. हंगेरीहून कायमची राहायला आलेल्या मार्गिटला माझ्या शेजारच्या नाबे आजींनी घर दिलं, तेही बजावून: "देव्हाऱ्यात रोज सकाळी सगळ्यांना एकेक कप चहा ठेवायचा. चुकलीस तर माझ्या नावाने शंख करतील!"

बारा वर्षं ती चुकली नाही. आजी गेल्या, तेव्हा त्यांच्या नावाची पाटीही तिनेच तिथे मांडली.

काल मी डोकावले, तर देव्हाऱ्यात एक कप जास्त.

"हा कुणाचा गं?"

"माझा. माझ्यामागे कोण ठेवणार?"

"जितेपणी? डोकं फिरलंय तुझं! आणि हा एकटाच रिकामा का?"

"सकाळी भरला होता," मार्गिट ओठ पुसत म्हणाली. "रोज एवढाच संपतो."