घरचं गिऱ्हाईक

फुमिए सकाळी गेली. दुपारी तिचा नवरा इवाओ टॅक्सी घेऊन मुलाला आणायला विमानतळावर निघाला, तेव्हा तिच्या जाण्याची बातमी सांगायचा राहिला होता तो एकटा मुलगाच, शुइचि. तो कॅनडाहून निघाला तेव्हा आई दवाखान्यात होती. ती गेली तेव्हा तो कुठल्यातरी समुद्रावर होता. इवाओने मेहुणीला, सायोकोला बजावून ठेवलं होतं की फोनवर काही बोलायचं नाही, मी समोरासमोर सांगतो. सायोको रडून रडून थकली होती, तरी तिला राहवलं नाही. "तुम्ही? लग्नाचंसुद्धा आमच्या ताईलाच विचारावं लागलं होतं, भावोजी." पण मयतापाशी कोणीतरी बसायला हवं, उदबत्ती विझू द्यायची नसते. म्हणून ती बसली आणि हा निघाला.

इवाओ निशिवाकीचं सगळं आयुष्य ओसाकात टॅक्सी चालवण्यात गेलं. आधी कंपनीची, मग स्वतःची. ओसाकाचे टॅक्सीवाले बोलघेवडे, गिऱ्हाइकाच्या सासूपर्यंत चौकशी करणारे. हा त्यांतला नव्हे. विचारलं तर बोलायचं, नाहीतर आपण बरे आणि रस्ता बरा. घरीही तोच खाक्या. फुमिए म्हणायची, मी मागच्या सीटवर बसून संसार केला. तसा माणूस वाईट नव्हता. गाडी रोज पुसायचा, सीटवरचे पांढरे अभ्रे घरी नेऊन तिच्याकडून इस्त्री करून घ्यायचा. आजचे अभ्रे तिनेच दवाखान्यात जायच्या आधी करून ठेवले होते. ते चढवताना त्याला काही वाटलं नाही. सकाळपासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याने वाकून त्यांचे आभार मानले. शववाहिनीच्या ड्रायव्हरला घराकडे जायचा जवळचा रस्ताही समजावून दिला.

शुइचि बाहेर आला. इवाओने सवयीने खटका ओढला आणि मागचं दार आपोआप उघडलं. इथल्या टॅक्सीत दाराला गिऱ्हाईक हात लावत नाही. शुइचिही याच गावचा, तो उघड्या दारातून आत गेला आणि मागे बसला. दार बंद झालं. इवाओने पांढरे हातमोजे घातलेले हात स्टिअरिंगवर ठेवले, मान किंचित वळवली आणि रोजच्या आवाजात विचारलं, "कुठे नेऊ?"

शुइचि दमला होता तरी हसला. "मीटर टाकू नका म्हणजे झालं. दवाखान्यात चला."

सांगायचं ते इथेच सांगायला हवं होतं. पण गिऱ्हाइकाने जागा सांगितली की ती एकदा उच्चारून खात्री करायची, हे इवाओच्या हाडीमाशी खिळलेलं. "दवाखाना," तो म्हणाला. "समुद्राकाठच्या रस्त्याने घेतो." आणि गाडी निघाली.

विमानतळ समुद्रातल्या बेटावर; तिथला पूल ओलांडला की सांगू, असं त्याने ठरवलं. पूल लांबलचक, तरी संपला. मग टोलनाका झाल्यावर सांगू असं ठरलं. तोही गेला. साकाइच्या कारखान्यांची धुराडी लागली. मागून शुइचि विचारत होता, आई जेवते का. इवाओ म्हणाला, परवा पेज घेतली. बोलते का? काल बोलली, तुझं विमान कधी येतं ते विचारत होती. त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. तिच्यासाठी आणलेल्या बिस्किटांचा खोका शुइचिच्या मांडीवर होता. इवाओ पुढच्या ट्रकपासून नेहमीइतकं अंतर ठेवून चालवत राहिला. शहर आलं. डावं वळण, सिग्नल, पुन्हा डावं. झोपेतही चुकला नसता असा रस्ता.

दवाखान्याच्या दारासमोर गाडी लागली. खटका ओढला, दार उघडलं. शुइचि उतरला, दोन पावलं गेला आणि बाप बसूनच आहे हे पाहून मागे आला.

"चला ना, बाबा."

"ती इथे नाही," इवाओ म्हणाला. "सकाळी गेली. घरी आणलंय. मावशी बसलीय तिच्यापाशी."

शुइचि उघड्या दाराजवळ उभा राहिला. त्याने विचारलं, "मग इथे कशाला आणलंत मला?"

"तू दवाखाना म्हणालास."

यापरता गाढवपणा दुसरा नव्हता, आणि तो इवाओलाही आपल्याच कानांनी ऐकू आला. शुइचि आता ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडला असता तर बरंच झालं असतं. पण पोराने हातातला बिस्किटांचा खोका मागच्या सीटवर ठेवला. तेव्हा इवाओ रस्त्याकडेच बघत म्हणाला, "वाटभर तू ती जेवते का, बोलते का विचारत होतास. तुझ्यापुरती ती होती. तुझ्याबरोबर माझ्यापुरतीही होती."

शुइचि वळसा घालून आला, पुढचं दार स्वतःच्या हाताने उघडलं आणि बापाच्या शेजारी बसला. दवाखान्याचा पहारेकरी लगबगीने आला आणि अदबीने म्हणाला की इथे गाडी थांबवता येत नाही. इवाओने मान वाकवून त्याची माफी मागितली. पण ब्रेकवरचा पाय काही केल्या हलेना.