मिलिंदचे तीन आठवडे

मी निवृत्त सुभेदार. गाव मादन हिप्परगा, तालुका आळंद. त्या हिवाळ्यात आमची प्लाटून उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर होती. जवान अठ्ठावीस, सीनियर जेसीओ, म्हणजे पोस्टचा प्रमुख, मी. रेडिओ सेटवर नाईक मिलिंद होता, बीदर जिल्ह्यातल्या औरादचा. आमच्या बोलीचे पोस्टवर आम्ही दोघंच. तो मला अण्णा म्हणायचा.

साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारासह मोर्चावर; सहाला चहा, सातला कंपनीला रिपोर्ट. मिलिंदचा रिपोर्ट कधी एक मिनिट उशिरा गेला नव्हता.

मग तो चुकू लागला. कोड दोनदा विचारायचा. दाढी करायची राहायची. कॅरम त्याचा जीव की प्राण, पण बोर्डाकडे बघेना. ताट तसंच परत जायचं. चालणंसुद्धा मंदावलं.

"कामून जेवायला न्हाईस रे?" मी विचारलं.

"जेवू वाटंना, अण्णा. झोप बी लागंना. माझा कुनाला काय उपेग न्हाई आता."

"घरी काय झालंय का?"

"न्हाई. घरी समदं ठीक हाय."

घरी ठीक आहे म्हटल्यावर मला तो आळस वाटला. मी त्याला एक्स्ट्रा ड्युटी लावली. तीन आठवडे असेच गेले. शेवटच्या दिवशी तो शांत दिसला. आपली लोकरीची जर्सी त्यानं एका लान्सनाईकला देऊन टाकली. सुधारला, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सेटवर कंपनी बोलली. टू म्हणजे आमची पोस्ट. "टू, रिपोर्ट भेजो, ओव्हर." सेटजवळ कोणी नव्हतं. चौथ्या मिनिटाला मीच हँडसेट उचलला. "टू. ऑल ओके. ओव्हर." मग त्याला झापायला बाहेर पडलो. स्टोअर बंकरच्या मागं तो सापडला. त्यानं आत्महत्या केली होती.

चौकशीनंतर मेडिकल ऑफिसरनं मला समोर बसवलं. तरुण कॅप्टन होता. म्हणाला, "साब, हा आजार आहे. डिप्रेशन. झोप, भूक, आवड जाते. माणूस मंद होतो, स्वतःला निकामी समजतो. दोन आठवडे असं चाललं की थांबायचं नाही. न्यूमोनियाला हेलिकॉप्टर मागवता ना? यालाही मागवायचं." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पेन्शनीवर आलो. दुसऱ्या वर्षी तुरीची रास खळ्यावर पडून होती आणि मी खाटेवर. बायको म्हणाली, "पंधरा दिस झाले, तुमी जेवायला न्हाई, बोलायला न्हाई. काय होयलंय?"

"माझा काय उपेग न्हाई," मी म्हणालो. शब्द तोंडातून गेले आणि मी खाटेवर उठून बसलो. हे मी आधी ऐकलं होतं.

त्याच दिवशी तिच्यासोबत गुलबर्ग्याच्या बसमध्ये बसलो. तिथल्या मनोविकाराच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. गोळ्या आठ महिने चालल्या. चौथ्या-पाचव्या आठवड्यात भूक परतली.

बरा झाल्यावर औरादला गेलो. मिलिंदच्या आईनं चहा दिला. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी मिलिंद, युनिफॉर्ममध्ये.

तिनं विचारलं, "साहेब, माझ्या लेकानं कुनाला काईच सांगितलं न्हाई का?"

सहा वर्षं मी या प्रश्नाला घाबरत होतो.

"सांगितलं व्हतं, माय," मी म्हणालो. "मला सांगितलं व्हतं."