तवंदीच्या घाटातला डबा

टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत इस्त्रीवाला सकाळी कोळसे पेटवतो. तो वास आला की मला तवंदीचा घाट आठवतो.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळत नव्हतं. निपाणीचा माझा मित्र बाबगोंडा आणि मी पुण्याहून बेंगळूरला निघालो होतो, ते कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून. निपाणी मागं पडली, घाट लागला आणि गाडीचा दम संपला. मागची भट्टी साफ करून पुन्हा पेटवायला मी बसलो. बाबगोंडानं दगडावर डबा उघडला. भाकरी, मुगाची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी होती.

तो जैन. दिवस मावळल्यावर अन्नपाणी घ्यायचा नाही. मी म्हणालो, "तू खाऊन घे रं. माझं हात काळं झाल्यात."

"एकटा कसा खाऊ? ये की हात धुऊन. अजून हाय दिवस."

भट्टी काही केल्या धरेना. मी मान वर केली तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. बाबगोंडानं डबा माझ्यापुढं सरकवला आणि माझ्या हातातली फुंकणी घेतली.

"आता तू जेव. मला लई भूक न्हाय."

मी दोघांचं जेवण संपवलं. तो भट्टी फुंकत होता आणि बेंगळुरात कुठं उतरायचं ते सांगत होता. तो उपाशी राहिला, मलाही तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

बाबगोंडा जाऊन बरीच वर्षं झाली. हल्ली मी दिवस मावळायच्या आत जेवतो. घरात कुणी विचारलं, तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणतो.