शेवटच्या एस्टीचा प्रेक्षक

वर्धा जिल्ह्यात सर्वांत जास्त नाटकं पाहिलेला आणि त्यांतल्या एकाचाही शेवट न पाहिलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी ताबडतोब आमच्या घरमालकांकडे बोट दाखवीन. सिंदी मेघेला त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत मी बायकोसह भाड्यानं राहत होतो, तेव्हा हे ऐकीव नाही. मी शाळेत गणित शिकवायचो. उदाहरण सोडवून उत्तर न लिहिणाऱ्या पोराचा मला जितका राग येई, तितकाच या माणसाचाही येई. पण पोराला बाकावर उभं करता येतं. घरमालकाला कुठं उभं करणार? शिवाय माणूस असा लाघवी, की रागावायला म्हणून गेलेला मी दर वेळी पन्हं पिऊन परत यायचो.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. पाटबंधारे खात्यात ते कारकून होते, आणि वर्षाचे बाकीचे महिने ते कचेरीत आले आहेत की नाहीत हे साहेबालाही कळत नसे, इतका अबोल माणूस. पण चैत्र लागला, शेतातली कामं उरकली, शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या जिल्ह्याला नाटक चावतं आणि काकाजींच्या अंगात वारं शिरतं. तिकडं हिंगणघाटला गिरणीतल्या कामगारांचं नाटक, अल्लीपूरला शेतकरी मंडळींचं, देवळीला कीर्तन, आर्वीला ऑर्केस्ट्रा, पुलगावला जादूगार, कुठं खंजिरीवरची भजनं, कुठं खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा. दिवसा उन्हानं कावळासुद्धा झाडाबाहेर डोकं काढत नसे. संध्याकाळी मात्र गावोगावचे मांडव फुलून यायचे. दूरदर्शन अजून आमच्या गल्लीत यायचं होतं. कुठं काय आहे याची बित्तंबातमी काकाजींना असे. कोणत्या गावच्या नाटकात पेटी वाजवणाऱ्याचं लग्न निघालंय, म्हणून नाटक आठवडाभर पुढं गेलंय, हेसुद्धा त्यांना त्या गावाच्या आधी माहीत व्हायचं.

निघताना थाट ठरलेला. डोक्याला कान झाकून पांढरा दुपट्टा, काखेत स्वतःची सतरंजी, एका खिशात गोरसपाकाची बिस्किटं आणि दुसऱ्या खिशात कांदा. कांदा उन्हाच्या झळीसाठी असतो, रात्रीच्या नाटकाला कशाला, असं मी एकदा म्हणालो, तर “जातो तं उनातच नं, मास्तर” असं उत्तर मिळालं. मांडवात त्यांची जागा पुढची, पण कडेची. चपला पायांत नाहीत आणि बाहेरही नाहीत. रुमालात बांधून मांडीवर. नाटक रंगात आलेलं असावं, खलनायकाची कारस्थानं शिगेला पोचलेली असावीत, शेवटच्या अंकाची तयारी पडद्यामागं सुरू व्हावी, आणि त्याच वेळी काकाजींनी रुमाल सोडून चपला पायांत सरकवाव्यात. शेवटची एस्टी! बाकीचे लोक नाटक संपल्यावर मांडवातच आडवे व्हायचे आणि सकाळच्या पहिल्या एस्टीनं परतायचे. काकाजी कधीही नाही. पुढंपुढं तर गावोगावच्या मंडळींनी त्यांचं घड्याळच केलं. “काकाजी उठले, चला, शेवटचा अंक लावा,” असं पडद्यामागून कुणीतरी म्हणायचं. हिंगणघाटला एका नवख्या नटाला मात्र वाटलं की हा गृहस्थ आपलं काम पाहून वैतागून चाललाय, आणि तो बिचारा भाषणच विसरला.

आता यात गंमत एवढीच असती तर मी लिहायला बसलो नसतो. काकाजींच्या घरात काकू होत्या. काही वर्षांपूर्वी विहिरीवर पाय घसरून त्या पडल्या, कंबर मोडली, आणि तेव्हापासून त्या घरातल्या घरात बसूनच सरकत. चुलीपुढं बसून सगळा स्वयंपाक करत, पण उंबऱ्याबाहेर खाटेवर न्यायला माणूस लागे. मुलगी आर्वीला दिलेली. पडण्याआधी या बाईला नाटकाचं वेड काकाजींपेक्षा जास्त. दोघं बैलबंडी जुंपून पाच-सहा कोसांवरच्या नाटकाला जायची आणि तांबडं फुटल्यावर परत यायची, असं गल्लीतल्या जुन्या बाया सांगत. म्हणजे काकाजी नाटक पाहत ते काकूंसाठी, आणि अर्ध्यातून उठत तेही काकूंसाठीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात सडा टाकून काकूंची खाट बाहेर येई, गल्लीतल्या बाया निवडायला धान्य घेऊन भोवती बसत, आणि कचेरीत ज्याचा आवाज कुणी ऐकला नाही तो माणूस आख्खं नाटक उभं करी. राजाही तेच, राणीही तेच, तबलाही तेच. आणि शेवट? तो ते एस्टीत बसल्या बसल्या मनानं रचत. काकूंना सोडून हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, निदान आम्ही तसं समजत होतो. पहिल्या वर्षी त्यांनी खरं सांगून पाहिलं होतं म्हणे. “शेवट नाई पाह्यला म्हटलं, तं तिचं तोंड असं उतरलं मास्तर, का मले जेवन गेलं नाई,” असं ते मला एकदा म्हणाले. तेव्हापासून एकाही नाटकाला त्यांनी शेवटाविना ठेवलं नाही.

माझी तक्रार वेगळीच होती. सगळे शेवट एकच! वनवासी राजा असो, दारुडा गिरणी कामगार असो की घर सोडून गेलेली विधवा असो, शेवटी तो किंवा ती उशिरा घरी येणार, दाराला कडी नसणार, आतून कुणीतरी म्हणणार, “आले काय? हातपाय धुऊन घ्या. भाकर झाकून ठेवली हाये.” संपलं नाटक. पुलगावच्या जादूगारानं एका मुलीचे करवतीनं दोन तुकडे केले, तेवढ्यात एस्टीची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी बायांचा जीव टांगणीला, की पोरगी जोडली का. काकाजी शांतपणे म्हणाले, “जोडली. घरी गेली. मायनं तिले हातपाय धुवाले सांगतले.” आता काय बोलावं अशा माणसापुढं! आणि हे वाक्य कुठून आलं ते शोधायलाही मला लांब जावं लागत नव्हतं. आमच्या दोन घरांत एकच भिंत. काकाजी परतले की पलीकडून कडी न लावलेलं दार कुरकुरे आणि काकूंचा जागा आवाज येई, तेच वाक्य, शब्दाचाही फरक नाही.

असं सगळं सुखात चाललेलं असताना गल्लीतल्या उत्साही मंडळींनी घोळ घातला. अल्लीपूरच्या शेतकऱ्यांचं नाटक त्यांनी सिंदी मेघेलाच बोलावलं, थेट आमच्या घरासमोरच्या मैदानात. हे नाटक काकाजींनी दोनच आठवड्यांपूर्वी अल्लीपूरला पाहून अंगणात सांगितलं होतं. नवऱ्यानं संशयावरून घराबाहेर काढलेली सून, असा विषय. काकाजींच्या शेवटात ती वेणा नदीच्या काठावर जाऊन बसते, पाण्याकडं पाहते आणि उठून परत येते. नवरा चूल पेटवून बसलेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. खऱ्या नाटकात ती नदीत उडी घेते आणि मरते.

काकूंनी ऐकलं मात्र, त्यांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. “मले नेजा,” त्या म्हणाल्या, “खाटेसकट नेजा. किती वर्सांनी नाटक पाहीन मी.” काकाजी हसले आणि तसेच मागच्या दारानं माझ्याकडं आले. “मास्तर, आता तिले समजन. इतके वर्स मी तिले खोटंच सांगून राह्यलो. उद्यापासून मी काही सांगतलं तं ती ऐकन काय?” मी म्हणणार होतो की हा विचार आधी करायचा. पण ते तोंड पाहून माझ्यातला गणिताचा मास्तर गप्प बसला.

भर दुपारी आम्ही दोघं अल्लीपूरला गेलो. या वेळी कांदा कामी आला. मंडळाचा म्होरक्या एक उंचापुरा शेतकरी होता. त्याला सगळे डायरेक्टर म्हणत. काकाजींनी हात जोडून विनंती केली, की एका रातीपुरती ती बाई जिती ठेवा. डायरेक्टरनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. बाया रडल्या नाहीत तर नाटक पडलं समजायचं, आणि बाई मेली नाही तर बाया रडतील कशाला, असं त्याचं म्हणणं. सुनेचं काम गावातला शिंपी करायचा, म्हणून निदान पोलकं तरी मापात असे. तो मात्र काकाजींच्या बाजूचा निघाला. दर प्रयोगाला पडद्यामागच्या सरकीच्या पोत्यांवर उडी मारून त्याचं अंग ठेचून निघत होतं. पण शिंप्याचं कोण ऐकतो? आम्ही हात हलवत परत आलो.

नाटकाच्या दिवशी चौघांनी काकूंची खाट उचलून मैदानात पुढं नेऊन ठेवली. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. शेजारी सतरंजीवर काकाजी, आणि सवय ती सवय, मांडीवर रुमालात चपला. नाटक रंगलं. काकू खाटेवरून पुढं झुकून एकेक शब्द पीत होत्या, आणि काकाजी नाटकाकडं न पाहता काकूंकडं पाहत होते. शेवटच्या अंकाआधी पडदा पडला. काकाजी ताडकन उठले, चपला पायांत सरकवल्या आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, “चाल, एस्टी चुकन.”

घर समोर दिसत होतं. आजूबाजूचे लोक पोट धरून हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी काकाजींच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि हळूच खाली ओढलं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “आज एस्टी नाई. शेवटची एस्टी कव्हा सुटते अन् नाटक कव्हा संपते, हे माह्याइतकं कोनाले ठाऊक हाये? मीच तं जागी राहतो.”

काकाजी मटकन बसले. सून नदीत उडी घेऊन मेली, पोती दणाणली, मैदानभर बाया रडल्या. आमच्या गल्लीतल्या बाया तेवढ्या काकाजींकडं रागानं पाहत होत्या. सुनेला त्यांनीच बुडवल्यासारखं. काकूंचे डोळे कोरडे होते आणि हात सदऱ्याच्या टोकावरच होता.

सकाळी पहिल्या एस्टीआधी मंडळी आमच्या अंगणात चहाला आली. काकू डायरेक्टरला म्हणाल्या, की नाटक झकास होतं, पण शेवट आमच्या घरी याहून चांगला होतो. मग काकाजींना म्हणाल्या, सांगा. काकाजी बशीतल्या चहात पाहत राहिले. तेव्हा काकूंनीच सांगितला. वेणेचा काठ, पाण्याकडं बघणं, परत फिरणं, कडी नसलेलं दार, सगळं, काकाजींच्याच आवाजात, तबल्यासकट. शिंपी पोलक्याच्या नव्हे, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होता. डायरेक्टरनं आणखी एक कप चहा मागितला.

पुढच्या उन्हाळ्यात अल्लीपूरहून निरोप आला, नाटकाचा शेवट बदललाय, काकाजींनी यावंच. आम्ही दोघं गेलो. मी आधीच बंदोबस्त केला होता. माझी बायको काकूंजवळ निजणार होती. काकाजींनी आज तरी मुक्काम करावा म्हणून मी सगळ्या वाटेत त्यांच्या मागं लागलो होतो आणि ते हो म्हणाले होते. शेवटच्या अंकाआधी पडदा पडला. ते थोडा वेळ चुळबुळले. मग रुमाल सुटला.

“मास्तर, तुमी पाहून घ्या,” ते ओशाळून म्हणाले. “तिकडं ती जागी असन.”

मला असा संताप आला! स्वतःचा शेवट, पहिल्यांदा रंगमंचावर, आणि हा माणूस चालला. पण पडदा उघडला. सून परत आली, दार ढकललं, आणि नवऱ्यानं चुलीपुढून मान न वळवता ते वाक्य म्हटलं. मग ज्या बायांना डायरेक्टर रडवू पाहत होता त्या बाई जिवंत असूनही रडल्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

सकाळच्या एस्टीत मी तो प्रसंग जसाच्या तसा मनात घोळवत आलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या अंगणात खरा शेवट सांगायला मिळणार होता. फाटक उघडलं तर काकूंची खाट आज सकाळीच बाहेर, आणि काकाजी उभे राहून रंगात आलेले. मला पाहिलंही नाही त्यांनी. सून परत आल्याच्याही पुढचं काहीतरी चाललं होतं. तिची मोडलेली कंबर बरी होते म्हणे, आणि नवरा-बायको दोघं एस्टीनं हिंगणघाटला नाटक पाहायला जातात. पुढं बसतात, अगदी मधोमध. शेवटचा अंक सुरू होतो तरी कुणी उठत नाही.

सुनेच्या कंबरेला काही झालेलंच नव्हतं, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं.

“अन् शेवटची एस्टी?” काकूंनी विचारलं.

“चुकली,” काकाजी म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि किती तरी वेळ त्या नुसत्या हसत राहिल्या. मी फाटक आवाज न करता लावलं आणि मागच्या बाजूनं माझ्या खोलीकडं गेलो. अल्लीपूरला त्या रात्री काय झालं ते मी त्या घरात आजवर सांगितलेलं नाही.