एकट्याचं चाललंय, थांबा

डिंभ्याच्या थांब्यावर बबननानांच्या हॉटेलात चहा मागायची एक वेळ होती आणि न मागायची एक वेळ होती. न मागायची वेळ म्हणजे टेपवर गिटार एकटी वाजत असायची ती. त्या वेळी नाना सांडशी हातात धरून डोळे मिटून उभे राहायचे. चहा उतू जायचा, स्टोव्ह फुरफुरायचा, बाहेर कंडक्टर शिट्टी मारायचा, गिऱ्हाईक ‘नाना, गाडी चालली’ म्हणून बोंबलायचं. नाना डोळे न उघडता सांगायचे, “एकट्याचं चाललंय, थांबा. गाडी काय, दुसरी यील.”

दुसरी गाडी संध्याकाळी यायची, आणि तीही तिच्या मनात असेल तर. नानांना त्याचं काही नव्हतं. उलट आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात एका विलायती बँडचे एवढे चाहते कसे, याचं उत्तर त्या गाडीतच आहे. गाडी वेळेवर आली असती तर कुणी तीन-तीन तास त्या बाकावर बसलं नसतं. बसलं नसतं तर दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या, धरणावरचे मासेवाले, ग्रामसेवक, लग्न जमवायला आलेले पावणे, असल्या माणसांना ती गाणी पाठ झाली नसती. आमच्याकडच्या कितीतरी बायका भात लावताना जी चाल गुणगुणतात ती सत्तरच्या दशकात लांब केसांच्या पाच जणांनी कुठल्याशा थंड गावात बसवली होती. त्या पाच जणांना हे कळलं असतं तर त्यांनी केस कापले असते.

बँडचं नाव मी लिहीत नाही. मी आठवीत शाळा सोडली. लिहायला गेलो तर चुकेल, आणि चुकलं की आमच्या शाळेचे रोकडे गुरुजी एवढ्या लांब, मी आता असतो त्या मस्कतला, फोन करून सुधारायला लावतील. नाना तर नाव घ्यायचेच नाहीत. ‘आपली पोरं’ म्हणायचे. पोरं नानांपेक्षा वयाने मोठी होती.

नानांना ती पुण्यात सापडली. तरुणपणी ते एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला होते. तिथला एक विद्यार्थी नापास होऊन घरी गेला, तो जाताना टेप आणि एक कॅसेट यांना देऊन गेला. नाना म्हणायचे, “त्यो नापास झाला म्हून माझं कल्यान झालं. पास झाला आसता तर टेप घिऊन गेला आसता.” पुढे पोळ्या सोडून ते गावी आले, थांब्यावर पत्रे ठोकून हॉटेल टाकलं आणि ओझरच्या गणपतीच्या फोटोशेजारी त्या पाच जणांचा फोटो लावला. उदबत्ती ओवाळताना हात थोडा लांबवला की पाचही जण आवाक्यात यायचे.

गाण्यातला एक शब्द त्यांना कळत नव्हता. एकदा एका कॉलेजच्या पोरीने अर्थ सांगायची तयारी दाखवली, तर नानांनी तिला फुकट भजी देऊन गप्प केलं. “न्हाई बाई, नगं. शबूद कळाला की मानूस गानं आयकायचं सोडतो आन् मतलब काढीत बसतो. आमच्या हितं कीर्तनात बग की.” कॅसेट एका जागी खेचायची. त्या खेचेला बाकावरची सगळी माणसं एकदम मान वाकडी करायची, कारण ती खेच गाण्यातलीच आहे अशी आमची समजूत होती. पुढे पेनड्राइव्हवर तेच गाणं खेच न घेता सरळ गेलं, तेव्हा नाना म्हणाले, “पोरं म्हातारी झाली. आता जोर न्हाई राह्यला.”

रोकडे गुरुजी हे नानांचे जुने दोस्त. आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले, इंग्रजी वाचणारे. देव मानत नाहीत, मुहूर्त मानत नाहीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांचं कपाट ठेवतात. पण ‘एकट्याचं’ सुरू झालं की त्यांचीही मान नानांसारखीच मागे पडायची. दोघांनी मिळून ते गाणं किती वेळा ऐकलं असेल, मोजायला बसलं तर आयुष्य जाईल. त्यांचं गेलंच.

मग भांडण झालं. आणि कशावरून, तर बँड फुटला यावरून. बँड फुटून पंधरा-वीस वर्षं होऊन गेली होती. बातमी डिंभ्याला तेव्हा पोचली. भजी बांधायच्या पेपरच्या पुरवणीत होती, तेल लागलेली. गाणारा आणि गिटारवाला यांचं पटेना, गिटारवाला निघून गेला, एवढंच वाचता येत होतं. पुढचं तेलात गेलं होतं.

“बरं झालं गेला,” नाना म्हणाले. “गळ्यापुढं कुनाची ट्यांव ट्यांव चालंल?” याच ट्यांव ट्यांवपायी रोज चहा उतू जायचा, ते त्यांच्या ध्यानात नव्हतं.

“गळा कोंबड्यालाही असतो, बबन,” गुरुजी म्हणाले. “बोटं असावी लागतात.”

“म्हंजी आमचा गाणारा कोंबडा?”

“मी नाव घेतलेलं नाही.”

गुरुजींनी कप अर्धा ठेवला आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून ते रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊ लागले. तिथला चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची ओळख करून दिलेली. तो गुरुजी रोज प्यायचे, नानांच्या हॉटेलाकडे पाठ करून. पण ‘एकट्याचं’ आलं की त्यांच्या चपलेची टाच हलायची. नानांना ती दिसायची. मग ते आवाज वाढवायचे आणि आम्हाला सांगायचे, “भैऱ्यांनाबी आयकू जाऊं द्या राव.” असं कित्येक वर्षं चाललं. दोन शहाणी, नातवंडं झालेली माणसं आणि मधे एक डांबरी रस्ता.

मी तेव्हा धरणातले मासे पिकअपमधून मंचरच्या बाजारात पोचवायचो, त्यामुळे रोज थांबायचो. एकदा मी म्हणालो, “नाना, तुमीच हाक मारा ना.”

“म्या का? उठून कोन गेलं?”

“मग निरोप धाडा. मी सांगतो त्यांना.”

“निरोप धाडला की हारलो.” थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, “पर त्याच्याबिगार गानं निम्मंच वाजतं बग.” रोज संध्याकाळी हॉटेल बंद करताना ते गुरुजींची बाकावरची जागा फडक्याने पुसायचे. तिथे कुणी बसलेलं नसलं तरी.

मला मस्कतचं काम मिळालं आणि माझी झोप उडाली. पासपोर्ट हातात आला तरी जाऊ का नको चालूच होतं. भाषा येत नाही, शिक्षण नाही, विमान पडलं तर, मालकाने कागद काढून घेतले तर. नानांनी ऐकून घेतलं. “भ्या वाटतंय? वाटूं दे की. भ्यालाबी बाकावर बसीव, च्या पाज. गाडी आली की तू जा, त्याला हितंच बसूं दे.” विमानात बसेपर्यंत मी हेच वाक्य घोकत होतो. भीती माझ्या आधीच विमानात चढली होती हा भाग वेगळा. पण आज माझ्या घरी जो स्लॅब आहे तो त्या वाक्यावर उभा आहे.

मी जायच्या आधी बँडची आणखी एक बातमी आली. नानांच्या पुतण्याच्या मोबाइलवर मेसेज पडला. वर पाच जणांचा जुना फोटो, खाली पणती, जोडलेले हात आणि चार ओळी इंग्रजी. नानांनी त्या ओळी कुणाकडून वाचून घेतल्या नाहीत. गरजच काय? बँडमधलं कुणी गेलं म्हणजे गाणाराच गेला. बाकीचे नुसते वाजवणारे, त्यांच्या मरणाचे मेसेज कोण कशाला पाठवील? हॉटेल बंद झालं. नानांनी मिशी काढली. आणि जाहीर केलं की दहावा घोड नदीवर होईल.

आमच्याकडे माणूस लग्न चुकवील, दहावा चुकवणार नाही. कोण गेलं हे घाटावर पोचल्यावर विचारलं तरी चालतं. घोडेगावहून फ्लेक्स आला. त्यावर माइक तोंडाशी धरून ओरडणारा गाणारा, नावाआधी ‘कैलासवासी’, खाली ‘शोकाकुल : समस्त ग्रामस्थ’. फ्लेक्सवाल्याने विचारलं होतं म्हणे, कपाळाला गंध लावू का.

भटजींनी गोत्र विचारलं. नाना म्हणाले, “कश्यप धरा.” वडिलांचं नाव विचारलं. नाना म्हणाले, “साहेब व्हतं कायतरी.” पिंड मांडले आणि सगळे बाजूला झाले. तेवढ्यात एका पुढाऱ्याला पुढच्या दहाव्याला जायचं होतं म्हणून श्रद्धांजली आधी उरकायचं ठरलं. त्यांनी सांगितलं की कैलासवासींचे आणि त्यांच्या घराण्याचे जुने संबंध होते. धरणग्रस्तांच्या प्रश्नावर कैलासवासी शेवटच्या श्वासापर्यंत गायले. तालुक्यात न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. मी मान खाली घालून ऐकत होतो. रडणारी माणसंही होती.

कावळा येईना. झाडावर चार-पाच बसले होते, पण पिंडाकडे बघायला तयार नव्हते. माणसाची इच्छा राहिली असली की असं होतं. मग घरच्यांनी पुढे होऊन ती पुरी करायचा शब्द द्यायचा. नाना हात जोडून पुढे झाले. “पोरांकडं आमी बघू.” कावळा नाही. “बायकोला... बायकांना काय कमी पडू देणार न्हाई.” कावळा नाही. “तुमची गानी बंद पडू देणार न्हाई, ह्या बबनचा शबूद हाय.” एक कावळा उडाला आणि पलीकडच्या झाडावर जाऊन बसला.

तेव्हा गर्दीतून रोकडे गुरुजी पुढे आले. आयुष्यात ते असल्या विधीला उभे राहिले नव्हते. डोळे सुजलेले होते.

“बबन, फ्लेक्स उतरव. जिवंत माणूस आहे तो.”

पुढारी निघता निघता थांबले.

“मेसेज वाचलास का? गाणारा ठणठणीत आहे. गेला तो गिटारवाला. माझा.”

काढलेल्या मिशीच्या जागी नानांचा हात गेला. ज्या माणसाला ते इतकी वर्षं शिव्या घालत आले त्याचाच दहावा त्यांनी केला होता, आणि ज्याच्यावर जीव टाकला त्याला जिवंतपणी हार घातला होता. मागून कुणीतरी फिसकन हसलं. नाना कसेबसे म्हणाले, “त्याचं... आयुक्ष वाढलं म्हनायचं.” मग आवाज खाली आला. “तुला कवा कळलं?”

“त्याच दिवशी. घरात बसून होतो. सांगायचं कुणाला?”

भटजी कुजबुजले, “ज्याचा माणूस त्यानेच इच्छा सांगावी. गिटारवाल्याची काय राहिली असेल?”

“माझा कावळ्यावर विश्वास नाही,” गुरुजी म्हणाले.

“माजा हाय,” नाना म्हणाले. “तू सांग, रोकडे. काय राह्यलं आसंल त्याचं?”

गुरुजी नदीकडे बघत बोलले. “त्याला कुणी परत वाजवायला बोलावलं नाही. उठून तो गेला, खरं आहे. पण रोज वाट बघितली असेल त्याने. एक निरोप आला असता तर आला असता तो. एवढंच.”

नानांनी कावळ्यांकडे पाठ केली. सगळ्या गावासमोर, पुढाऱ्यासमोर, हात जोडलेलेच होते ते तसेच गुरुजींसमोर धरले. “मी हारलो. ये बाकावर.”

“कावळा शिवला! शिवला!” मागे ओरडा झाला आणि माणसं भराभर आंघोळीला, जेवायला पांगली. मी बघत होतो. शिवलं ते कुत्रं. पिवळं होतं, आणि एक पिंड तोंडात धरून चढावर पळालं. पण मी कशाला सांगू?

त्या दुपारी हॉटेल उघडलं. गुरुजी बाकावर बसले, नाना स्टोव्हशी उभे राहिले आणि ‘एकट्याचं’ संपल्यावर गुरुजी पहिलं वाक्य बोलले ते असं : “तरी बबन, बोटंच.” नानांनी चहा त्यांच्यासमोर आदळला. भांडण मागल्या पानावरून पुढे सुरू झालं, फक्त आता मधे रस्ता नव्हता. मी मस्कतला निघालो तेव्हा मला सोडायला दोघं थांब्यावर आले होते आणि वाद एवढा रंगात आला होता की माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी खिडकीतून हात केला. नानांनीही केला, पण गुरुजींना उत्तर देता देता.

गेल्या थंडीत नाना गेले. मला रजा मिळाली नाही. गुरुजींनीच फोन केला. मंचरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी मोबाइलवर हळू आवाजात गाणं लावून ते उशाशी बसले होते म्हणे. नानांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “रोकडे, कायबी म्हन, गळाच.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“मी ‘हो’ म्हणालो. जाणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?” मग गुरुजींनी शाळेतला आवाज काढला. “पण सुनील, ते खरं नाही, लक्षात ठेव. इथे आता वाद घालायला कुणी राहिलं नाही, म्हणून तुला सांगतोय.”