रघूच्या मशीनचं कपलिंग

भुताखेताची गोष्ट काढली की वरसेच्या खलील फिटरचं डोकं फिरायचं. पेणला दाजींच्या गणपती कारखान्यात मशीन ठोकतेय, बाया कामाला जवळ जात नाहीत, असा निरोप आला तेव्हा तो रागातच हत्यारांची पिशवी उचलून निघाला. मशीन त्यानेच बसवलेली. रोह्याच्या एका कंपनीने भंगारात काढलेली मिलिंग मशीन. हाताने फिरवायची चाकं काढून त्याने सर्वो मोटरी लावल्या, आणि आता ती कॉम्प्युटरच्या हुकमाने मूर्तींचे साचे कोरत होती.

चाकं होती तेव्हा कंपनीतला कामगार रघू याच मशीनवर उघड्या वायरीला चिकटून गेला. कंपनीने त्याचाच हलगर्जीपणा ठरवला आणि हात झटकले. त्याची बायको पुतळी आता दाजींकडे तीच मशीन चालवत होती.

मशीनचं सरकतं टेबल दिशा बदलताना मोटरीपाशी आवाज यायचा. टक. रघूच ठोकतोय, असं बाया म्हणायच्या. आज तो आवाज गेला नाही तर उद्या मशीन कापून भंगारात, असं दाजींनी बजावलं.

खलीलने झाकण काढलं. मोटरीचा दांडा टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला जोडणाऱ्या कपलिंगात, दोन लोखंडी पंजांच्या मध्ये, रबराची चांदणी असते. धक्का सोसेल म्हणून त्यानेच निवडलेली. ती फुगून चिरली होती. भोवती खोबरेल आणि शेंदूर. रघू शांत व्हावा म्हणून बाया दर अमावास्येला झाकणाच्या फटीतून तिथेच तेल ओतत होत्या. तेलाने रबर खाल्लं, पंजे सैल पडले; जितकं तेल, तितका आवाज मोठा. खलीलने बायांना फैलावर घेतलं.

एकसंध घट्ट कपलिंग इथे चालणारं नव्हतं. दोन दांडे एकमेकांना जरा तिरके, बेअरिंगचा भुगा झाला असता. त्याने पिशवीतून बेलो कपलिंग काढलं. पातळ पत्र्याचं, भात्यासारख्या घड्यांचं. थोडं वाकतं, पण पिळत नाही, आणि तेलाला भीत नाही.

पुतळी आडवी आली.

"खलीलभाय, हे लावल्यावर आवाज बंद व्हईल?"

"साफ बंद, वैनी."

मग तिने हळूच सांगितलं. टेबल वळताना ती रघूला विचारायची, जेवलात काय? आणि टक यायची. पोरीचं, घरचं, सगळं ती त्याला तिथेच सांगायची.

 फाटकं रबर खलीलच्या हातात होतं, तरी ते तिला दाखवायला हात उचलेना.

"तुमी सांगाल तसं करतो," तो म्हणाला.

"मशीन ऱ्हायली पायजे. लावा."

टेबल उजवीकडे गेलं, थांबलं, डावीकडे वळलं. काही नाही. बाया एकेक करून जवळ आल्या. दाजी खूश होऊन चहा सांगायला गेले. वळणावर पुतळीचे ओठ हलले. ती थांबली. पुन्हा हलले.

खलील खाली वाकून झाकण आवळत होता. त्याच्या हातातल्या पान्याने पत्र्यावर एकदा ठोकलं.

"तुमी नका," पुतळी म्हणाली, आणि पुढचा साचा लावायला वळली.